बिंदू क्रमांक ४१८

३ ऑक्टोबर

साझलीबुरूनला बाबांकडे येऊन आज आठवडा झाला. आल्यापासून बाबांनी मला एकच प्रश्न विचारलाय, "केव्हा जाणार आहेस?" पहिल्या दिवशी माझी बॅग अजून दारातच होती तेव्हा विचारला, आणि आज सकाळी ऑलिव्हच्या बिया ताटलीच्या कडेला ओळीने मांडता मांडता पुन्हा विचारला. मी म्हटलं, "काम संपलं की." त्यावर म्हणाले, "तुझं काम इस्तंबूलमध्ये बसूनही होतं." खरं आहे, होतं. पण इस्तंबूलमधलं घर आता नवऱ्याचं, सेरहातचं आहे आणि त्या घरात माझ्या जागी कोण राहायला आलंय तेही मला माहीत आहे. हे मी बाबांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

कामाचं लिहून ठेवते, म्हणजे पुढे मलाच कळेल मी इथे का बसले होते. किनाऱ्यापासून बारा किलोमीटरवर, समुद्राच्या तळाखालून मोठी भेग जाते. ती एक दिवस सरकणार. केव्हा, ते कुणाच्या बापाला सांगता येत नाही. पण सरकली तर कुठली जमीन किती हलेल, हे संगणकात खोटे भूकंप घडवून पाहता येतं. मी ते पाहते. किनाऱ्यावरचे सहाशे बिंदू आणि एकशे साठ खोटे भूकंप, त्यांतले शेवटचे पंचवीस उरलेत. एकेक भूकंप चावायला आमच्या भूकंप संशोधन संस्थेतल्या मोठ्या यंत्राला तीस तास लागतात. तोवर मी गावातली जमीन कुठे मऊ, कुठे टणक ते मोजत हिंडते.

आमची इमारत बिंदू क्रमांक ४१८ वर येते. बिंदू मी ठरवले नाहीत, जाळीत जसे पडले तसे पडले.

७ ऑक्टोबर

जेवताना खडा टाकून पाहिला. म्हटलं, "बाबा, तपासणीचा अर्ज करू या. एका मालकाची सही पुरते. ते येऊन खांबातून काँक्रीटचा एक तुकडा कापून नेतात आणि दाबून बघतात, बस्स."

बाबांनी चमचा खाली ठेवला. "माझ्या खांबांना कुणी भोकं पाडणार नाही."

माझ्या! इमारत दहा घरांची. पण पस्तीस वर्षांपूर्वी शिक्षकांची गृहनिर्माण संस्था काढून ती उभी केली तेव्हा अध्यक्ष बाबा होते आणि मनाने ते अजून त्या खुर्चीतून उठलेले नाहीत. या किनाऱ्यावर तसा कुणीच अर्ज करत नाही म्हणा. इमारत नापास झाली तर दोन महिन्यांत घर रिकामं करावं लागतं. त्यापेक्षा दुखणं दाखवायचंच नाही, म्हणजे आजार नाही, असा सगळ्यांचा हिशेब. पण बाबांनी, रुश्तू मास्तरांनी, चाळीस वर्षं पोरांना गणित शिकवलंय. त्यांच्याकडून तरी वेगळी अपेक्षा होती.

तळघरात एक मोजणीचं यंत्र ठेवू का, असंही विचारलं. म्हणाले, "शाळेत ठेव." ठेवलं शाळेत.

१५ ऑक्टोबर

आज लाजेने मान खाली गेली. दुसऱ्या मजल्यावर गोक्चे आणि तोल्गा हे तरुण जोडपं भाड्याने राहतं, पाच महिन्यांची मुलगी आहे. बाळाची ढकलगाडी जिन्याखाली ठेवतात. बाबांनी ती उचलून पावसात रस्त्यावर ठेवली.

गोक्चे कडेवर बाळ घेऊन वर आली. "काका, गाडी भिजली हो."

"जिना म्हणजे गोदाम नाही. आणि रात्रभर रडतं ते पोर. माणसानं झोपावं की नाही?"

"पाच महिन्यांचं आहे, काका. रडणारच ना!"

"मग रडू देणारं घर बघा. गावात काय दुसरी घरं नाहीत?"

मी खाली जाऊन गाडी पुसली, माफी मागितली. बाळ रात्रभर मुळीच रडत नाही, मी जागीच असते. बाबा असे नव्हते. नव्व्याण्णवच्या भूकंपानंतर बदलले, असं आई म्हणायची. तेव्हापासून एकेकाशी भांडण काढून त्यांनी इमारत ओस पाडली आहे. वरचे भूगोलाचे मास्तर केराच्या पिशवीवरून गेले, समोरचे कुत्र्यावरून, आणि गच्चीवरच्या भाडेकरूशी तर वाळत घातलेल्या चादरीवरून तीन वर्षं वाद चालला. शेवटी तोही गेला. आता दहांपैकी सात घरांच्या खिडक्या बंद आहेत. त्या घरांच्या किल्ल्या बाबांच्या खुंटीवर टांगलेल्या आहेत आणि बाबा त्यांचा राजा.

२१ ऑक्टोबर

खाली तळमजल्यावर नेझिहे मावशी राहतात. वय ब्याऐंशी, शाळेत शिवण शिकवायच्या. आईची मैत्रीण. या गावात माझ्याशी दोन शब्द बोलणारं हे एकच माणूस.

मावशींनी चहा ओतला. "काय गं, तुझ्या त्या खोट्या भूकंपांत आम्ही मेलो का?"

"तसं नसतं हो मावशी. भेग कुठल्या टोकाकडून फाटायला लागते त्यावर असतं."

"म्हणजे कापडासारखं?" त्यांनी टोपलीतली चिंधी घेतली, दातांनी कडेला कातरा दिला आणि टर्रकन फाडली. "इकडून सुरुवात केली तर झटका त्या हाताला."

मला जे समजावायला वर्गात तासभर लागतो ते बाईंनी एका चिंधीत करून दाखवलं. अगदी तसंच आहे. पश्चिमेकडून फाटत आलं तर सगळ्या लाटा एकमेकींवर चढत चढत आमच्या अंगावर येतात. पूर्वेकडून फाटलं तर आम्ही मागे राहतो, वाचतो.

"बाबांना सांगा ना सही करायला," मी म्हटलं. "तुमचं ऐकतील."

मावशींनी साखर ढवळली. मग म्हणाल्या, "रुश्तू दर शुक्रवारी माझ्याशी भांडायला येतो. गेल्या खेपेला म्हणाला, तुझ्या पायपुसण्यानं जिना घसरडा होतो, तू आपली लेकीकडे जाऊन राहा. मी विचारलं, साखर किती घालू? मला काही त्याच्याशी भांडता येत नाही गं. तो गेला बिचारा दोन चमचे साखरेचा चहा पिऊन."

बिचारा म्हणे!

२४ ऑक्टोबर

किनाऱ्यावर मोजणी. ऊन होतं, चिटपाखरू नव्हतं. यंत्र वाळूत पुरून दोन तास हालचाल न करता बसावं लागतं, कारण माझ्या पावलांचीही नोंद होते. बसल्या बसल्या तो रविवार आठवला.

मी सात वर्षांची होते. शाळेतले सगळे शिक्षक बायकामुलांसकट इथे आले होते. दोन ट्रॅक्टर होते, फावडी होती, आणि आम्हा पोरांच्या हातात बादल्या. बाबा म्हणाले होते, इमारतीच्या अंगणात मुलांना खेळायला जागा करायची आहे, त्यासाठी वाळू. माझी बादली लाल होती. मी मोजून चौदा बादल्या नेल्या, प्रत्येक वेळी मोठ्याने आकडा ओरडून, आणि चौदावी इतकी भरली होती की बाबांनी दुसऱ्या बाजूने कडी धरली. मग सगळ्यांनी कलिंगड फोडलं. आईने गाणं म्हटलं. बाबांनी मला खांद्यावर घेऊन सगळ्यांना सांगितलं, "ही आपल्या संस्थेची सर्वांत लहान सभासद!" मला वाटतं माझ्या आयुष्यात त्याहून चांगला दिवस झाला नाही.

खेळायची जागा काही झाली नाही. तिथे आता गाड्या उभ्या असतात. ती बादलीही घरात कुठे दिसत नाही. शोधली मी. बाबांनी टाकून दिली असेल, ते काहीच ठेवत नाहीत.

४ नोव्हेंबर

एकशे साठ पूर्ण झाले. एकतीस भूकंपांत भेग पश्चिमेकडून आमच्याकडे फाटत येते. त्या एकतीसमध्ये सहाशे बिंदूंतला सर्वांत वाईट आकडा ४१८ चा आहे. खाली गाळाची मऊ जमीन, वर आम्ही. थरथर अशी नाहीच, एकच मोठा धक्का. तीन सेकंदांत जमीन हातभर पुढे आणि हातभर मागे.

मी तीनदा तपासलं. चूक सापडावी अशी फार इच्छा होती, सापडली नाही.

बाबा पाठीमागे येऊन उभे होते, मला कळलंच नाही. "आपला आकडा काय?" त्यांनी विचारलं. इतक्या आठवड्यांत कामाबद्दलचा पहिला प्रश्न! मला इतका आनंद झाला की आकडा काय आहे हेच विसरून मी त्यांना आलेख काढून समजावायला बसले. त्यांना सगळं कळलं. बीजगणिताच्या माणसाला कळणारच. मग पेन्सिल कानामागे खोचत म्हणाले, "हे काँक्रीट कागदावर लिहिल्याइतकं पक्कं असेल तर. आणि निम्मंच असेल तर?"

मी म्हटलं, "मग गणित करायची गरजच नाही." आणि हसले. ते हसले नाहीत. गणिताच्या मास्तरांची सवय, दुसरी किंमत घालून पाहिल्याशिवाय राहवत नाही. पाच मिनिटांनी आतून आवाज आला, "केव्हा जाणार आहेस?"

१२ नोव्हेंबर

संगणकाच्या पडद्यावर संस्थेतल्या वरिष्ठ हालुक सरांची बैठक. सरांचं म्हणणं, नकाशावर एका जागेला एकच आकडा छापायचा, एकशे साठांची सरासरी. मी म्हटलं, सर, सरासरी भूकंप कधीच येत नाही, येईल तो यांतला एखादाच येईल. ते एकतीस वेगळे दाखवू या.

"फेर्दा, नगरपालिकेची माणसं घाबरतील."

"घाबरू देत की."

"तू गावाकडे जाऊन जरा हळवी झाली आहेस. परिशिष्टात टाक." सगळ्यांचे चौकोन एकेक करून विझले आणि पडद्यावर माझा एकटीचा चेहरा उरला.

बाबा स्वयंपाकघरातून ऐकत होते. म्हणाले, "वर्गाची सरासरी साठ आली म्हणून शेवटच्या बाकावरचा पोरगा पास होत नाही." माझ्या बाजूने बोलले! मी वळून पाहीपर्यंत त्यांनी नळ मोठा सोडला होता.

परिशिष्ट कोण वाचतं, असं मनात म्हणतच छापील प्रत टेबलावर टाकली. दुपारी पाहिलं तर ४१८ च्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती.

२० नोव्हेंबर

गोक्चे आणि तोल्गा गेले. टेम्पो भरताना मी मदत केली. गोक्चे म्हणाली, "नवीन घर टेकडीवर आहे, भाडंही कमी. गंमत सांगू? दलाल म्हणाला, कुणा जुन्या मास्तरांनी फोन करून आमच्यासाठी शब्द टाकला. खाली खडक आहे का, म्हणून तीनदा विचारलं म्हणे. कोण असेल हो, ताई?"

मला लगेच कळलं कोण ते. या लोकांचं तोंड पाहायला नको म्हणून बाबांनी घरसुद्धा शोधून दिलं! इतका तिरस्कार करायलाही चिकाटी लागते.

संध्याकाळी बाबांनी हमसी मासळी तळली, दोन ताटल्या खाल्ल्या आणि भांडी घासताना शीळ घातली. आई गेल्यापासून मी त्यांची शीळ ऐकली नव्हती. मला जेवण गेलं नाही.

२८ नोव्हेंबर

आज बेचाळीस पूर्ण झाले. कुणाचा फोन नाही. संस्थेतून यंत्राने आपोआप पाठवलेलं शुभेच्छापत्र आलं, त्यात माझं आडनाव अजून सेरहातचं आहे.

बाबांच्या लक्षात असेल असं वाटलं नव्हतं, पण होतं. नाश्त्याच्या ताटलीखाली पाकीट ठेवलेलं. उघडलं. इस्तंबूलच्या बसचं तिकीट, उद्याचं, एकेरी.

मी म्हटलं, "बाबा, माझं तिथे घर नाही आता. सेरहातनं मला सोडलं."

चहाचा पेला त्यांच्या हातात होता, तो थोडा सांडला. वाटलं, आता उठतील, डोक्यावरून हात फिरवतील. त्यांनी टेबल पुसलं आणि म्हणाले, "मग दुसरं घर घे. टेकडीवर घे. पण इथे राहायचं नाही."

एकोणीस वर्षांची होते तेव्हाही असंच. भूकंपानंतर दोन महिन्यांत मला अंकाराला शिकायला पाठवलं, आणि दर सुटीत पत्र यायचं, येऊ नकोस, अभ्यास कर. सगळ्या मुली घरी जायच्या, वसतिगृहात मी आणि पहारेकरी. आई बोगद्यातून येणाऱ्या आवाजासारखी फोनवर रडायची. भूकंपशास्त्र घेतलं म्हणून कळवलं तर महिनाभर बोलले नाहीत. मी त्यांचं काय वाईट केलं, हे मला आजवर कळलेलं नाही. मी त्यांना नकोशी आहे, बस्स. हे एकदा लिहून टाकलं, बरं झालं.

तिकीट फाडलं नाही. पुस्तकात खूण म्हणून ठेवलं. जाणार नाही. हट्टी बापाची मुलगी आहे मी.

१० डिसेंबर

काल लिहिता आलं नाही.

काल सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी धक्का बसला. ४.७, आमच्या हिशेबात किरकोळ. मी पाव आणि बिहीची फळं घेऊन तळमजल्याच्या जिन्यापाशी पोचले होते. सहा-सात सेकंद सगळं खुळखुळलं, बंद घरांतली भांडीसुद्धा. मग जिन्यालगतच्या खांबाचं प्लास्टर ढलपा होऊन माझ्या पायाशी पडलं.

वरून बाबांचा आवाज आला, "फेर्दा! बाहेर पड! फेर्दा, बाहेर!" असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

मी बाहेर पडले नाही. खांबाकडे बघत राहिले. उघड्या काँक्रीटमध्ये शिंपले होते. चुरा नव्हे, चांगले नखाएवढे, पांढरे, एक तर दोन्ही पाकळ्या मिटलेला अख्खा. त्यांच्यामधून गेलेली सळई गंजून फुगली होती, बोट लावलं तर पापुद्रे निघाले. समुद्राची वाळू. खारी, न धुतलेली. नव्व्याण्णवला पडलेल्या इमारतींची असली छायाचित्रं मी दरवर्षी विद्यार्थ्यांना दाखवते. दरवर्षी दाखवते आणि माझ्या डोक्यात कधी आलं नाही!

बाबा मोजे घालून तसेच धावत खाली आले. माझ्या हातातला शिंपला पाहिला आणि पायरीवर बसले. मावशींचं दार उघडलं. त्यांनी आम्हा दोघांकडे पाहिलं, "सुटलास रे रुश्तू एकदाचा," म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

आम्ही गाड्या उभ्या असतात तिथे, उघड्यावर, भिंतीच्या कठड्यावर बसलो. बाबा म्हणाले, "नदीची वाळू मिळेना. सगळा किनारा बांधत होता तेव्हा. खांब अडले होते. मीच म्हटलं, समोर समुद्र पडलाय की. कुणाला ठाऊक होतं? आम्ही शिक्षक. कंत्राटदार म्हणाला, चालतं."

"आणि कळलं केव्हा?"

"नव्व्याण्णवला. पेपरातला फोटो पाहून. गुपचूप एक तुकडा काढून बुर्सा शहरात एका जुन्या विद्यार्थ्याकडे तपासायला दिला. काँक्रीटचं बळ निम्म्याहून कमी निघालं."

मी ओरडले. रस्त्यावरची माणसं बघायला लागली तरी ओरडत राहिले. "बावीस वर्षं! एक सही केली असती तर सगळे सुटले असते! लोकांना खोटी भांडणं करून हाकलत बसलात? आणि मला? मला वाटायचं मी तुम्हाला नकोशी आहे! वसतिगृहात मी पहारेकऱ्याबरोबर नवं वर्ष काढलंय, बाबा!"

"माहीत आहे."

"मग सांगितलं का नाही? सही का नाही केली?"

बाबांनी मोज्यांवरची धूळ झटकली. "सही केली असती तर अहवाल आला असता. तू वाचला असतास. तुला तो रविवार आठवला असता." मग थांबून, "तुझी आई म्हणाली होती, काहीही कर, पण पोरीला कळू देऊ नकोस. माणसं निघतील अशी काही तरी वाट काढ. मला भांडणाशिवाय दुसरी सुचली नाही. शेवटी मी एकटाच राहणार होतो. मग पडायची तर पडली असती."

"नेझिहे मावशी?"

"ती हलत नाही ना! दर शुक्रवारी प्रयत्न करतो."

मला हसू आलं आणि त्याच दमात रडू फुटलं. रडताना इतकंच कळत होतं की ते माझ्या पाठीवर हात ठेवावा की नाही या विचारात आहेत. शेवटी ठेवला. जड होता.

थोड्या वेळाने ते अगदी सहज, वर्गात हजेरी घेतल्यासारखे म्हणाले, "आणि हे बघ, तू काही मनाला लावून घेऊ नकोस. तुझा त्यात काय हात? दोन बादल्या आणल्यास जेमतेम, मग आईच्या मांडीवर झोपलीस. लाल बादली होती तुझी. दोनच."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर पाहत होते, समुद्राकडे. आयुष्यभर पोरांच्या वहीतली एक चूक न सोडणारा माणूस.

"चौदा, बाबा," मी म्हटलं.

त्यांचा हात माझ्या पाठीवर थांबला.

"चौदा होत्या. मी मोजत होते."

"हो," ते म्हणाले. "चौदा. शेवटची तुला उचलवेना. मी दुसऱ्या बाजूने धरली."

अर्ज महिनाभर माझ्या पिशवीतच होता. मी तो काढून कठड्यावर पसरला, वारा होता म्हणून एक कोपरा मी दाबून धरला, दुसरा त्यांनी. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. मी म्हटलं, पेन लागतं. पेन दिलं. पूर्ण नाव लिहून सही केली, मग विचारलं, "आज तारीख काय?"

मी सांगितली.